हँडओव्हर मानकांतील ‘संलग्न-बिंदू’ ही संज्ञा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

भ्रमणध्वनीधारक प्रवासात असताना त्याची जोडणी एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे सोपविली जाते. या क्रियेस ‘हँडओव्हर’ असे म्हणतात. वाय-फाय, वायमॅक्स, मोबाइल अशा भिन्न जातींच्या नेटवर्कमध्ये ही क्रिया अखंडपणे घडावी, यासाठी तयार झालेले आय.ई.ई.ई. ८०२.२१ हे मानक २००८ साली संमत झाले व जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची सुधारित आवृत्ती २०१७ ची आहे. या मानकाच्या मुळाशी असलेल्या ‘नेटवर्क संलग्न-बिंदू’ या संज्ञेची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा वाद केवळ शब्दांचा नाही. जोडणी बदलली असे यंत्राने केव्हा मानावे, हे या व्याख्येवरच अवलंबून असते.

मानकाची भूमिका :

नेटवर्कची रचना स्तरांची असते. दुसऱ्या स्तरावर लगतच्या दोन यंत्रांमधील दुवा असतो, तर तिसऱ्या स्तरावर आय.पी. पत्ता व मार्ग असतात. मानकानुसार, दुसऱ्या स्तरावरील ज्या दुव्याचे एक टोक मोबाइल यंत्र असते, त्या दुव्याचे नेटवर्ककडील टोक म्हणजे संलग्न-बिंदू होय. या व्याख्येचे गुण मान्य केले पाहिजेत. दुवा जुळला, तुटला किंवा तुटण्याच्या बेतात आहे, ही वार्ता प्रथम दुसऱ्या स्तरासच कळते. शिवाय मानकाने ‘सेवा-बिंदू’ ही स्वतंत्र संज्ञा दिली आहे. म्हणजे एका शब्दाने भागत नाही, याची जाणीव मानककर्त्यांनाही होती.

आक्षेप :

तथापि ही व्याख्या तीन ठिकाणी अपुरी पडते. पहिले असे की, महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थी एका वाय-फाय केंद्राच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत गेला, तर संलग्न-बिंदू बदलतो. परंतु दोन्ही केंद्रे एकाच सबनेटमध्ये असल्यास आय.पी. पत्ता तोच राहतो. दुसरे, याच्या उलटही घडते. केंद्र तेच असते, पण त्यामागील राउटर नवा पत्ता-उपसर्ग जाहीर करतो. तेव्हा संलग्न-बिंदू स्थिर असूनही यंत्राचा पत्ता बदलतो.

बडनेरा जंक्शनच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होईल. प्रवासी एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर गेला, तर फलाट बदलतो, स्थानक नाही. मुंबईहून अमरावतीस जाणाऱ्या गाडीतील प्रवाशाचे आसन बडनेऱ्यास बदलत नाही. पण गाडी मुख्य मार्ग सोडून अमरावतीच्या शाखामार्गास लागते. दोन्ही प्रसंगी ‘बडनेऱ्यास बदल झाला’ असे म्हणता येते. पण काय बदलले, ते या वाक्यावरून कळत नाही. मानकातील संज्ञेची अडचण हीच आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१८ मधील ५-जी रचनेत केंद्राचे दोन भाग करता येतात. दुसऱ्या स्तराचा खालचा अंश ‘वितरित’ भागात, तर वरचा अंश ‘मध्यवर्ती’ भागात असतो, आणि हे भाग एकमेकांपासून दूर असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या स्तराच्या दुव्याचे नेटवर्ककडील टोक नेमके कोणते? दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. म्हणजे व्याख्या निर्णायक राहत नाही.

पूर्वपक्ष व उत्तर :

वरच्या स्तराचा विचार मोबाइल आय.पी.सारख्या प्रोटोकॉलने करावा, ८०२.२१ ची मर्यादा हेतुपुरस्सर आहे, असे यावर म्हटले जाईल. परंतु वरच्या स्तरांना वार्ता देणे हेच या मानकाचे कार्य आहे. त्याच्या माहिती-सेवेत सबनेटची माहिती संलग्न-बिंदूचा गुणधर्म म्हणून नोंदविली जाते. म्हणजे तिसरा स्तर विचारात घेतला आहेच. मात्र त्यास स्वतंत्र बिंदू न मानता दुसऱ्या स्तराचे विशेषण केले आहे. येथेच तर्कदोष आहे.

एम.आय.टी.चे जेरोम सॉल्टझर यांनी १९८२ सालीच सेवा, नोड, संलग्न-बिंदू व मार्ग यांची नावे वेगळी ठेवावीत, आणि त्यांचे परस्परांशी असलेले बंध बदलता यावेत, असे प्रतिपादन केले होते. हा लेख १९९३ मध्ये आर.एफ.सी. १४९८ म्हणून पुन्हा प्रसिद्ध झाला. २००४ च्या मोबाइल आय.पी.व्ही.६ मध्ये मूळ पत्ता व तात्पुरता पत्ता अशी दोन नावे ठेवून या विचाराचा एक अंश स्वीकारला गेला. ८०२.२१ मात्र ‘बंधा’ऐवजी ‘टोका’वर थांबते.

निष्कर्ष :

संलग्न-बिंदू ही एखादी वस्तू नसून दोन लगतच्या स्तरांमधील नावांचा बंध आहे, अशी व्याख्या अधिक उपयुक्त ठरेल. प्रत्येक स्तराचा संलग्न-बिंदू वेगळा मानावा, आणि कोणत्या स्तरावरील बंध बदलला ते सांगितल्याखेरीज ‘हँडओव्हर झाला’ असे म्हणू नये. याचा व्यवहारातील लाभ उघड आहे. केवळ दुसऱ्या स्तराचा बंध बदलला असता नव्या पत्त्याची नोंदणी करण्यात वेळ दवडला जाणार नाही, आणि तिसरा बदलला असता दुवा शाबूत आहे म्हणून यंत्र गाफील राहणार नाही. चालू संभाषण टिकते की तुटते, हे अशा क्षणांच्या हिशेबावर ठरते. वर्गात ही संज्ञा एका ओळीत सांगून पुढे जाण्यापूर्वी ‘कोणत्या स्तराचा बिंदू?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.