यंत्रमानवाची भाषा आणि समीक्षेचे मौन

जेम्स कॅमेरून यांच्या ‘टर्मिनेटर’ (१९८४) या चित्रपटाचा दुसरा भाग १९९१ साली प्रदर्शित झाला. त्या वर्षी जगभरात सर्वाधिक उत्पन्न त्यानेच मिळविले. पुढे चार ऑस्कर पारितोषिकेही त्याला लाभली, परंतु ती रंगभूषा, ध्वनी, ध्वनिसंपादन व दृश्यपरिणाम यांसाठी. समीक्षकांची दृष्टीही बहुधा तेथेच खिळली. द्रवरूप धातूच्या यंत्रमानवाचे कौतुक झाले. शांततेचा संदेश देणाऱ्या कृतीत एवढा हिंसाचार कशासाठी, असा आक्षेपही आला. यंत्रमानव बोलतो कसा, याचा विचार मात्र क्वचितच झाला.

वस्तुतः दोन चित्रपटांतील मर्मभेद येथेच आहे. पहिल्या चित्रपटात दारावर आलेल्या माणसाला द्यावयाचे उत्तर यंत्र आपल्या डोळ्यांसमोर उमटलेल्या यादीतून निवडते. दुसऱ्यात जॉन हा दहा वर्षांचा मुलगा त्याला बोलावयास शिकवितो. होकारासाठी ‘अफर्मेटिव्ह’ हा लष्करी थाटाचा शब्द टाकून ‘नो प्रॉब्लेमो’ म्हणावे, कुणाला उडवून लावताना ‘आस्ता ला व्हिस्ता, बेबी’ म्हणावे, असे हे धडे आहेत. यंत्राचे माणसाळणे येथून सुरू होते.

पण ही भाषा कोणाची? स्पॅनिशमध्ये ‘प्रोब्लेमा’ आहे, ‘प्रॉब्लेमो’ नाही. ‘आस्ता ला व्हिस्ता’ हा तेथील साधा निरोप. चित्रपटात तो बंदुकीच्या गोळीबरोबर येतो. भाषिक मानवशास्त्राच्या अमेरिकन अभ्यासक जेन हिल यांनी १९९३ मध्ये हेच वाक्य शीर्षकात घेऊन निबंध लिहिला. अशा नकली स्पॅनिशमुळे इंग्रजीभाषक खेळकर ठरतो आणि स्पॅनिशभाषकांविषयीची हेटाळणी नकळत पोसली जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या चित्रपटात खरी स्पॅनिशही आहे. जॉनची आई सारा वाळवंटातील एन्रिकेच्या तळावर ती सहज, आपुलकीने बोलते. यंत्र मात्र मुलाची थट्टेची स्पॅनिशच उचलते. स्पेनमधील भाषांतरित ध्वनिपट्टीवर या वाक्याचे ‘सायोनारा, बेबी’ झाले. त्याचे बळ अर्थात नसून परकेपणात आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

माणसांच्या बोलण्यातून शिकणारी यंत्रे आज प्रत्यक्षात आली आहेत. माणुसकीबरोबर माणसाची तुच्छताही यंत्र शिकते, ही सूचना या चित्रपटात तेव्हाच होती. डोळे दिपलेल्या समीक्षेने ती ऐकली नाही.