सबवूफर किती हवेत? प्रश्न कुणाचा, खोली कुणाची

सुप्यात आमच्या घरी पुढची खोली 10 बाय 12 फूट, वर स्लॅब, उंची साधारण 10 फूट. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात सबवूफर. भिंतीला टेकून बसलेल्याला बेस घुमतोय असं वाटतं, मधे खुर्ची टाकून बसलेला म्हणतो, बेस कुठाय? दोघंही खरंच बोलत असतात.

गणित सोपं आहे. ध्वनीचा वेग (सेकंदाला 343 मीटर) भागिले लांबीची दुप्पट. 12 फुटांसाठी येतात 47 हर्ट्झ. या वारंवारतेला समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभी लहर तयार होते: भिंतींपाशी दाब सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. 10 फुटांसाठी 56 हर्ट्झ. आता आमच्याकडे रुंदीही 10 आणि उंचीही 10, म्हणजे दोन लहरी एकाच जागी येऊन बसल्या. 56 च्या आसपासचा सूर आला की खोली बोलायला लागते, गाणं राहतं बाजूला.

यावर वाचायला लागलात की टॉड वेल्टी यांचा 2002 चा शोधनिबंध तुमच्यापुढे येणारच. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडलेला. प्रश्न थेट शीर्षकातच: किती सबवूफर पुरेत? उत्तरही सुटसुटीत: चार चांगले, पण समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी बरंच काम होतं. कारण पटण्यासारखं आहे. 47 हर्ट्झला एका भिंतीपाशी दाब वाढतो तेव्हा समोरच्या भिंतीपाशी कमी होतो. दोन्हीकडून एकदम सारखाच ढकललात तर ती लहर उभीच राहत नाही. निबंध उत्तम आहे, मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना अडखळलो.

त्यात मोजलंय काय, ते बघा. बेस किती सपाट आहे हे मुख्यतः मोजलेलं नाही. एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत बेस किती बदलतो, हे मोजलंय. श्रोते खोलीच्या मधल्या भागात आणि सगळ्यांचे कान एकाच उंचीवर. म्हणजे एखादा सूर सगळ्यांनाच सारखाच घुमत असेल, तर या मापात तो दोष दिसतच नाही! वेल्टी यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. आधी सगळ्या जागा सारख्या करायच्या, मग उरलेला घुमारा इक्वलायझरनं एकदाच कापायचा. पण आपल्याकडच्या साध्या संचावर असतो एक बेसचा खटका, 56 हर्ट्झ तेवढा कमी करायची सोय नसते.

उंचीच्या लहरीवर तर हे माप आंधळंच आहे. आमच्याकडे कुणी सोफ्यावर बसतं, कुणी खाली सतरंजीवर. सोफ्यावर कान जमिनीपासून सुमारे 1.1 मीटरवर, खाली बसल्यावर 0.75 वर. 3.05 मीटर उंचीच्या खोलीत कोसाइन लावून बघा: दाब कमाल दाबाच्या 0.42 आणि 0.72 पट. साधारण साडेचार डेसिबलचा फरक, तो फक्त बैठकीमुळे. आणि जमिनीवर ठेवलेले दोन काय, चार सबवूफरही ही लहर मोडत नाहीत, कारण छताकडून उलट ढकलणारं कुणी नाही.

खोलीचं सामानही वेगळं. अमेरिकेत लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या भिंती सर्रास. त्या हलतात आणि थोडा बेस पितात. आपली वीट आणि काँक्रीट जवळपास सगळा परत पाठवतात. वर पत्रा असेल तर मात्र उलटं, बेस सरळ बाहेर, म्हणजे शेजाऱ्याकडे.

मोबाइलवरच्या ॲपनं हे पडताळायला निघालात तर एक सांगतो: त्यात बहुधा ए-भारित डेसिबल दिसतात, आणि 50 हर्ट्झला ते भारण 30 डेसिबल कमी दाखवतं. मीही एक संध्याकाळ त्यात घालवली. भार काढून मोजा, आणि मोजताना एकदा तरी खाली मांडी घालून बसा.