चाळीस टक्के, पण कशापेक्षा?

2025 च्या फेब्रुवारीत आमच्या तात्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला बारामतीच्या उसाबद्दल बोलत होते. एलॉन मस्क यांनीही त्याला दुजोरा दिल्यामुळे दोन दिवस तोच व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत होता. तात्यांचा कळंब तालुक्यात दोन एकर ऊस आहे. व्हिडिओखाली त्यांचा व्हॉइस मेसेज होता: "अगं, तू ह्याच्यातच शिकतीस ना? हे एआय आपल्या उसाला लावलं तर चाळीस टक्के वाढंल का खरंच? सांग बरं नीट."

मी उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीतला ओलावा ओळखण्यावर पीएचडी करतेय. तरी मला लगेच हो किंवा नाही म्हणता आलं नाही. उत्तर द्यायला आठ दिवस लागले. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेटची किंवा पेटची तयारी करताय. उद्या तुम्हालाही घरून असाच मेसेज येईल, म्हणून ती बातमी मी कशी वाचली ते इथे लिहितेय.

आधी बातमीत खरं काय आहे ते

बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही 1971 पासूनची संस्था आहे आणि तिथलं कृषी विज्ञान केंद्र गंभीरपणे काम करतं. तिथे मायक्रोसॉफ्टच्या मदतीने प्रयोग सुरू झाला. शेतात ओलावा मोजणारे सेन्सर, हवामान केंद्र आणि वरून उपग्रहाची चित्रं अशी ती व्यवस्था आहे. ही सगळी माहिती एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो: आज पाणी द्या, इतकं द्या, इथे कीड दिसतेय. सुमारे 1,000 शेतकरी यात घेतले गेले. पुढे जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय धोरण 2025-29' मंजूर केलं, त्यासाठी 500 कोटींची तरतूद केली.

म्हणजे हे थोतांड नाही. माझी तक्रार प्रयोगाबद्दल नाही, तो आपल्यापर्यंत ज्या रूपात पोचला त्याबद्दल आहे. बातमीत आकडा होता, पण तो कशाच्या तुलनेत आहे हे मला सापडेना.

वजन कशाचं?

कुठे 'उसाचं वजन 30 ते 40 टक्के जास्त' असं छापलं होतं, कुठे 'उत्पादन 40 टक्के जास्त'. वाचताना दोन्ही एकच वाटतं. पण शेतकऱ्याला विचारा. एकरी टनेज म्हणजे तोडणीयोग्य उसांची संख्या गुणिले एका उसाचं सरासरी वजन. एकरी 100 टनांचं गणित आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: 40,000 ऊस, प्रत्येकी अडीच किलो. आता समजा एक ऊस 40 टक्क्यांनी जड झाला, पण सरीतलं अंतर वाढवल्यामुळे उसांची संख्या 40,000 वरून 32,000 झाली. मग एकरी वाढ फक्त 12 टक्के उरते. करून बघा: 1.4 गुणिले 0.8 म्हणजे 1.12.

हंगामाचंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात असतो, जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू ऊस साधारण 12 महिने. खोडव्याचं गणित आणखी वेगळं. एकीकडे आडसाली आणि दुसरीकडे सुरू ठेवून तुलना केली, तर काहीही न करता मोठा फरक दिसेल.

श्रेय कोणाचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशा प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये एआय एकटं येत नाही. त्याच्याबरोबर माती परीक्षण, निवडक रोपं, ठिबक, ठिबकमधून खत आणि वरचेवर येणारे तज्ज्ञ असं सगळं येतं. पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक केलं तर 40 ते 50 टक्के पाणी वाचतं, हे उसाच्या शिफारशींमध्ये कितीतरी वर्षं लिहिलेलं आहे. मग बातमीत 'एआयमुळे निम्मं पाणी वाचलं' असं येतं, तेव्हा त्यातलं ठिबकचं किती आणि एआयचं किती?

उत्तर शोधायची पद्धत जुनी आहे आणि तीही शेतातूनच आलेली आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात प्रयोगाच्या आखणीचे जे नियम घालून दिले, तेच तुम्ही पुढे औषधांच्या चाचण्यांमध्ये वाचता. आपल्या उसासाठी किमान तीन प्रकारचे तुकडे हवेत. पहिल्यात शेतकऱ्याची नेहमीची पद्धत. दुसऱ्यात चांगली रोपं, ठिबक आणि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे पाणी-खत. तिसऱ्यात दुसऱ्यातलं सगळं, फक्त पाणी-खताचं वेळापत्रक एआयचं. कोणत्या तुकड्याला काय मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरवायचं आणि हे बऱ्याच शेतांत करायचं. तिसऱ्यातून दुसरं वजा केलं की एआयचा वाटा हातात येतो. बातमीतला आकडा बहुधा तिसऱ्यातून पहिलं वजा केल्यासारखा असतो.

शेतकरी कसे निवडले हेही विचारा. जो आपणहून नाव नोंदवतो, तो बहुतेक वेळा आधीच चार पावलं पुढे असतो. त्याचा ऊस शेजाऱ्यापेक्षा चांगला निघाला, तर त्यात त्याचीही करामत असतेच.

तुकडा केवढा?

इथे आपल्या मातीतल्या एका माणसाचं काम आठवतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 1940 च्या दशकात त्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत उभी केली. आज पीक विम्यामुळे धाराशिवच्या प्रत्येक गावाला तो शब्द माहीत आहे. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं. कारण साधं आहे. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की मोजणारा ते आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका काठाचा वाटा मोठा. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही, तरी आकडा वाढतो. म्हणून प्रात्यक्षिक प्लॉटवरचा आकडा दिसला की तो किती गुंठ्यांवरचा आहे ते शोधा.

आणि आपलं रान?

बारामतीला कालव्याचं पाणी आहे. आमच्याकडे विहीर आणि बोअर. पाणी कधी द्यायचं हे मोबाइल सांगेल, पण एप्रिलमध्ये बोअरला अर्धा तासच पाणी असतं तेव्हा त्या सल्ल्याचं काय करायचं? उलट टोकही आम्ही पाहिलंय. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूम भागात पुराने उभी पिकं गेली. एका ठिकाणच्या माहितीवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या ठिकाणी तसंच चालेल, हे गृहीत धरता येत नाही. ते तिथे तपासावं लागतं.

तात्यांना काय सांगितलं

तात्यांकडे सहा वर्षांपासून ठिबक आहे. म्हणजे पाण्याच्या बचतीतला मोठा हिस्सा त्यांनी आधीच पदरात पाडून घेतलाय. बातमीतली बचत पाटपाण्याच्या तुलनेत असेल, तर ती त्यांच्या वाट्याला येणार नाही. मी त्यांना म्हटलं, "सोसायटीचं कर्ज काढून दोन्ही एकराला लावू नका. आधी माती तपासून घ्या. कारखान्याने खर्च वाटून घेतला तर अर्ध्या एकराला लावा, बाकीचं तसंच ठेवा. लावण एकाच आठवड्यात, जात एकच. आणि तोडणीला त्या अर्ध्या एकराच्या खेपा काट्यावर वेगळ्या टाकून पावत्या जपून ठेवा."

तिकडून थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "म्हंजे हो का न्हाई?"

"पावत्या बघून सांगते," म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण नुकसान झालं असतं तर ते त्यांच्या खात्यातून गेलं असतं, मायक्रोसॉफ्टच्या नाही.

आता तुमच्यासाठी काम. आज तंत्रज्ञानाची जी बातमी मोबाइलवर येईल, तिच्यातला एक आकडा वहीत लिहा. खाली चार ओळी: कशापेक्षा, कशामुळे, किती ठिकाणी, कोणाच्या रानात. ज्या ओळी कोऱ्या राहतील, त्यांच्यात तुमचा पुढचा संशोधन प्रस्ताव असू शकतो. मला माझा विषय अशाच एका कोऱ्या ओळीत सापडला.