बहात्तर जणींचे बोल

अमेरिकेतील रॅडक्लिफ कॉलेजच्या श्लेसिंजर ग्रंथालयाने १९७६ पासून ७२ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मुलाखती टेप केल्या. बहुतेक जणी उतारवयाच्या. रूथ एडमंड्स हिल यांनी संपादिलेले त्यांचे १० खंड १९९१ साली निघाले.

रोझा पार्क्स म्हटले की माँटगोमेरीची बसच आठवते. येथे मात्र आईवडील, शाळा, नोकरी यांची विचारपूस होते, आणि चळवळही त्यातच येते. ही रीत आम्हाला फार पटली. डोरोथी हाइट यांच्यासारख्या संघटक बायका एका दिवसात घडत नाहीत.

तक्रार एकच: छापील पानावर हुंदका, हसू, थांबणे उमटत नाही. म्हणून टेपच ऐकाव्यात.

आमची आजी तेलाच्या घाण्याच्या गोष्टी सांगायची. कुणी टेप केल्या नाहीत. दोन-चार वाक्ये आठवतात, तिचा आवाज नाही.