२५६ अध्यादेश आणि तीन चौकोन

कुठलंही गाईड उघडा, तीन चौकोन दिसतील. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं, न्यायमंडळ त्यांचा अर्थ लावतं. हे चूक नाही, पण या आकृतीतून संशोधनाचा एकही प्रश्न निघत नाही. प्रश्न निघतात ते चौकोनांच्या रेषा पुसट होतात तिथे. म्हणून डॉ. डी. सी. वाधवा यांचं १९८३ सालचं पुस्तक वाचा : ‘री-प्रोमल्गेशन ऑफ ऑर्डिनन्सेस : अ फ्रॉड ऑन द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया’.

आधी नियम बघू. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली, तर अनुच्छेद २१३ नुसार राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणजे अध्यादेशाचं आयुष्य फार तर साडेसात महिने.

पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या अर्थशास्त्रज्ञाने बिहारचे अध्यादेश मोजले. १९६७ ते १९८१ मध्ये २५६. मुदत संपत आली की तोच मजकूर पुन्हा काढायचा, सभागृहापुढे विधेयक आणायचंच नाही. उसाच्या पुरवठा-खरेदीचा अध्यादेश असा १३ वर्षं ११ महिने जगला! यातली कुठलीच गोष्ट गुप्त नव्हती. सगळं सरकारी कागदांत छापलेलं होतं, फक्त कुणी तारखा ओळीने लावून बघितल्या नव्हत्या. (आम्हा सायन्सवाल्यांना डेटा म्हटलं की उपकरण आठवतं. इथे धीर आणि वही पुरली असती.)

पुस्तकाचं शीर्षक मात्र मला खटकतं. ‘फ्रॉड’ हा निष्कर्ष आहे आणि तो वाचकाच्या हातात पहिल्याच पानावर पडतो. पुरावा एवढा भक्कम असताना गरज नव्हती. तुमच्या प्रबंधाला असं शीर्षक दिलंत तर गाईड बहुतेक खोडतील.

वाधवा पुढे स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले. सोबतच्या अर्जदारांत वनोपजाच्या अध्यादेशाची झळ बसलेला शेतकरी, इंटरमीजिएटचा विद्यार्थी आणि विटांचा व्यावसायिक होता. संशोधकाला अर्ज करायचा हक्क आहे का, हाही वाद झाला. घटनापीठाने हक्क मान्य केला, १९८६ च्या डिसेंबरमध्ये बिहारची प्रथा घटनाबाह्य ठरवली आणि वाधवांना १०,००० रुपये खर्च द्यायला लावला.

निकालाचं कौतुक सगळे करतात, त्यातली फट कमी जण दाखवतात. अधिवेशनात कामाचा बोजा फार असेल किंवा वेळ अपुरा असेल, तर अध्यादेश पुन्हा काढणं चालू शकेल, असं न्यायालय म्हणालं. बोजा किती, हे कोण ठरवणार? सरकारच. शिवाय प्रत्यक्षात रद्द झाला तो एकच, इंटरमीजिएट शिक्षण परिषदेचा अध्यादेश.

त्यानंतर त्याच बिहारने १९८९ पासून खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेण्यासाठी अध्यादेशामागून अध्यादेश काढले. तो खटला संपला २०१७ मध्ये. सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं, अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक आहे. पण आमदार इतकी वर्षं गप्प का बसले, याचं उत्तर कोर्टाच्या निकालात शोधू नका. विधानसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत काढा. विषय शोधत असाल तर हा घ्या.