लाल दिवा लागला, पण वीज आली कुठून? : एका बोर्डाच्या मॅन्युअलचं परीक्षण

या ब्लॉगवर आतापर्यंत पेपर आणि पुस्तकांबद्दल लिहिलं. आज परीक्षणाला एक मॅन्युअल घेतलंय: एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं यूएम१७२४, म्हणजे एसटीएम३२ न्यूक्लिओ-६४ या बोर्डांची युजर मॅन्युअल. मॅन्युअलचं कसलं परीक्षण, असं वाटेल. पण एम्बेडेड विषयात पीएचडीला बसणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी ज्या मजकुरावर सगळ्यात जास्त विसंबतो आणि जो सगळ्यात कमी वाचतो, तो हाच. प्रबंधातले आकडे याच बोर्डावरून येतात. आकडा चुकला तर तो कुठे चुकला हे शोधायला शेवटी याच पानांवर यावं लागतं.

आधी एक खबरदारी. तुमच्या बोर्डावर एमबी११३६ छापलंय का ते बघा. खालचं सगळं त्या बोर्डाबद्दल आहे. न्यूक्लिओ-६४ नावानेच नंतर निघालेल्या काही बोर्डांची वीजजोडणी वेगळी आहे आणि त्यांचं मॅन्युअलही वेगळं. यूट्यूबवरचा व्हिडिओ एका बोर्डाचा, हातातला बोर्ड दुसरा, असं सर्रास होतं.

न्यूक्लिओ म्हणजे एकाच पाटीवर दोन वस्तू. वरच्या भागात एसटी-लिंक: प्रोग्रॅम चढवणारा, डीबग करणारा, यूएसबीला जोडलेला. खालच्या भागात आपला खरा मायक्रोकंट्रोलर. दोघांमधली पाटी कापून वेगळी करता येते, कंपनीनेच तशी सोय ठेवलीय. बोर्डाला वीज देण्याचे रस्ते चार: यूएसबी, व्हीआयएन, ई५व्ही आणि थेट ३.३ व्होल्ट. मॅन्युअलमध्ये या चारही रस्त्यांची माहिती आहे आणि ती बरोबर आहे. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. माहिती भागांच्या क्रमाने लावलीय: हा जंपर, तो कनेक्टर, मग तो दिवा. वाचणाऱ्याला मात्र करंट कुठून निघतो, कशातून जातो आणि कुठे संपतो हे हवं असतं. तो प्रवास वाचकाने स्वतः जोडून घ्यायचा.

सगळ्यात साधं उदाहरण जेपी१ या जंपरचं. रावेतच्या हॉस्टेलांत रात्री कुणी ना कुणी न्यूक्लिओ मोबाइलच्या चार्जरला लावतोच. लॅपटॉप अडकलेला असतो, टेस्ट रात्रभर चालवायची असते. लाल दिवा, एलडी३, लागत नाही. ‘बोर्ड उडाला’ असा निष्कर्ष निघतो आणि दुसऱ्या दिवशी नवीन बोर्डाची मागणी. बोर्ड शाबूत असतो. यूएसबी २.० च्या नियमानुसार जोडलेल्या उपकरणाला ओळख पटेपर्यंत १०० मिलिअँपिअरच घेता येतात. एसटी-लिंक कॉम्प्युटरला ओळख देतो, ३०० मिलिअँपिअर मागतो आणि परवानगी मिळाली की मगच खालच्या मायक्रोकंट्रोलरला वीज सोडतो. चार्जर ओळख विचारतच नाही, म्हणून परवानगी मिळत नाही, म्हणून दिवा नाही. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, जेपी१ लावायचा आणि एकूण करंट १०० मिलिअँपिअरच्या आत ठेवायचा.

हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे. पण ‘चार्जर’ हा शब्द यूएसबीच्या परिच्छेदात, इतर सूचनांच्या गर्दीत येतो. विशेष म्हणजे कंपनीने पुढच्या काही न्यूक्लिओ-६४ बोर्डांवर चार्जरला वीज निवडायच्या जंपरवरच स्वतंत्र जागा दिली. म्हणजे अडचण त्यांनाही कळली होती. त्यांनी ती बोर्डात सोडवली.

आता व्हीआयएन. माझ्या मते या मॅन्युअलमधला सगळ्यात रंजक आणि सगळ्यात कोरडा तक्ता हा. व्हीआयएनला ७ ते १२ व्होल्ट द्या. बरोबर ७ व्होल्ट असतील तर ८०० मिलिअँपिअर मिळतील, ७ च्या वर ९ पर्यंत ४५०, ९ च्या वर १२ पर्यंत २५०. बस्. का, ते सांगितलेलं नाही. व्होल्टेज वाढवलं की करंट कमी मिळतो, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला उलटंच वाटतं.

कागद घ्या. बोर्डावरचा रेग्युलेटर लिनिअर आहे, तो व्हीआयएनचे ५ व्होल्ट करतो आणि वरचे व्होल्ट उष्णता म्हणून घालवतो. (७ − ५) × ०.८ म्हणजे १.६ वॅट. (९ − ५) × ०.४५ म्हणजे १.८ वॅट. (१२ − ५) × ०.२५ म्हणजे १.७५ वॅट. तीन ओळी वेगवेगळ्या दिसतात, पण तिन्हींत मर्यादा एकच आहे: एवढीशी चिप साधारण पावणेदोन वॅट उष्णता झेलू शकते. हे एक वाक्य तक्त्याखाली असतं तर विद्यार्थ्याला तक्ता पाठ करावा लागला नसता. रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये ‘तक्ता वाचायला शिका’ असं सांगतात. त्यासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आपल्या भागात हा तक्ता जास्तच जपून वाचायला हवा. पिंपरीला टाटा मोटर्स, आकुर्डीला बजाज, चाकणला महिंद्रा आणि फोक्सवॅगन. इथल्या निम्म्या प्रोजेक्टांचा विषय वाहनाभोवती फिरतो. मग कुणीतरी विचार करतो, गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, बोर्ड १२ व्होल्टपर्यंत घेतो, जोडून टाकू. गाडीची बॅटरी नावाला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला १४ व्होल्टच्या आसपास नेतो. म्हणजे मर्यादा पहिल्याच किकला ओलांडली. त्यात बॅटरीची वायर चार्जिंग चालू असताना सुटली तर होणारा ‘लोड डंप’ वेगळा. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी, दाबून न टाकलेल्या लोड डंपच्या चाचणीत व्होल्टेज ७९ ते १०१ पर्यंत धरलंय. न्यूक्लिओ त्यासाठी बनवलेलाच नाही. मॅन्युअलने गाडीचं नाव घ्यायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा विषय नाही. पण वाहनात बसवलेल्या न्यूक्लिओवरून पेपर लिहिताना मधे कोणता संरक्षक कन्व्हर्टर होता ते लिहिणं, हा तुमचा विषय आहे.

कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये २४ व्होल्ट डीसी असतात, तिथे व्हीआयएनचा प्रश्नच येत नाही. बक कन्व्हर्टरने ५ व्होल्ट करून ई५व्हीला द्यायचे. इथली खिडकी अरुंद आहे: ४.७५ ते ५.२५. बाजारात मिळणाऱ्या स्क्रू फिरवून व्होल्टेज लावायच्या मॉड्यूलला आधी बोर्डाशिवाय मल्टिमीटरवर लावून घ्या, मग जोडा.

बाहेरची वीज आणि यूएसबी दोन्ही एकदम वापरायच्या असतील तर क्रम महत्त्वाचा. इथे मॅन्युअल खरोखर उत्तम आहे. जेपी५ ई५व्हीच्या बाजूला, जेपी१ काढलेला, बाहेरची वीज जोडून चालू, एलडी३ लागल्याची खात्री, आणि त्यानंतरच यूएसबी. क्रम उलटला तर काय होईल हेही दिलंय: बोर्डाला ३०० मिलिअँपिअरहून जास्त लागत असतील तर कॉम्प्युटरला इजा होऊ शकते किंवा तो करंट अडवतो, आणि ३०० ची मागणी नाकारली गेली तर बोर्डाला वीजच मिळत नाही. कृती, मग कारण. अख्खं मॅन्युअल या रीतीने लिहिलेलं असतं तर हे परीक्षण दोन ओळींचं झालं असतं.

आणि आता जेपी६, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. बोर्डावर त्याच्याजवळ आयडीडी लिहिलंय. मॅन्युअलचं सांगणं थोडक्यात असं: जंपर काढा, तिथे अँमीटर लावा, मायक्रोकंट्रोलरचा करंट मोजा, अँमीटर नसेल तर मायक्रोकंट्रोलरला वीज नसेल. विषय संपला. लो-पॉवर संशोधनाचा सगळा डोलारा या तीन-चार ओळींवर उभा राहतो आणि त्या ओळी इतक्या निर्धास्त आहेत की वाचणाराही निर्धास्त होतो.

हा जंपर नेमकं काय मोजतो? फक्त मायक्रोकंट्रोलरकडे जाणारा करंट. तुमचा सेन्सर बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून वीज घेत असेल, तर त्याचा करंट या जंपरमधून जातच नाही. याउलट पीए५ पिनवरचा हिरवा दिवा, एलडी२, मायक्रोकंट्रोलरच्या पिनमधून जळतो, म्हणून त्याचे मिलिअँपिअर चिपच्या खात्यावर चढतात. एसटी-लिंकच्या डीबग आणि सिरिअलच्या तारा चिपला जोडलेल्याच असतात, त्यांतून येणारा-जाणारा थोडा करंट वेगळाच. मायक्रोअँपिअर मोजताना ‘थोडा’ म्हणजे बराच.

तुलनेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० लाँचपॅडचं, एफआर५९६९ चिपच्या बोर्डाचं, मार्गदर्शक उघडा. तिथे डीबगर आणि चिप यांच्यामध्ये जंपरांची एक रांगच आहे. वीज, सिरिअल, डीबग, प्रत्येक तार वेगळी तोडता येते. करंट मोजायच्या सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलंय की सिरिअलच्या तारेचा परिणाम लक्षात घ्या, शक्यतो ती तोडा, आणि एकही इनपुट पिन अधांतरी सोडू नका. हे शिकवणं झालं. एसटीच्या मॅन्युअलमध्ये मला हेच सापडत नाही.

फरक किती पडतो ते पाहू. रावेतला पवनेवर बंधारा आहे, पिंपरी-चिंचवड महापालिका शहरासाठी तिथून पाणी उचलते. समजा, तिथली पाण्याची पातळी दर १५ मिनिटांनी मोजणारा नोड कुणी न्यूक्लिओ-एल४७६आरजीवर केला. या चिपची डेटाशीट स्टॉप २ मोडमध्ये घड्याळ चालू ठेवून १.४ मायक्रोअँपिअर सांगते, आणि चालू असताना दर मेगाहर्ट्झला १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे ८० मेगाहर्ट्झला ८ मिलिअँपिअर. दर ९०० सेकंदांत ०.१ सेकंद जागी राहिली तर जागेपणाची सरासरी ०.९ मायक्रोअँपिअरच्या आसपास. एकूण २.३. बॅटरी २००० मिलिअँपिअर-तासांची धरली तर आयुष्य निघतं सुमारे १०० वर्षं! बॅटरी त्याआधीच आपोआप मरेल. आता सेन्सर झोपत नाही आणि सतत २ मिलिअँपिअर घेतो असं धरा: १००० तास, ४२ दिवसही नाहीत. आणि अख्खा बोर्ड, एसटी-लिंक आणि लाल दिव्यासकट, सतत १० मिलिअँपिअर खातो असं धरलं तर २०० तास, म्हणजे आठवडाभर आणि वर एक दिवस.

तिन्ही आकडे ‘नोडची पॉवर’ या एकाच शीर्षकाखाली छापता येतात. १०० वर्षंवाला पेपर खोटा नसतो, जेपी६ वर तोच आकडा खरंच दिसतो. फक्त तो चिपचा असतो, आणि शीर्षकात लिहिलेलं असतं ‘प्रणाली’. असा दावा वाचला की मी आधी मोजणीची आकृती शोधतो. बहुतेक वेळा ब्लॉक डायग्राम मिळतो, ज्यात बॅटरीचा एक चौकोन आणि त्यातून निघालेला एक बाण.

मीटरचंही सांगायला हवं. बऱ्याच मल्टिमीटरमध्ये मायक्रोअँपिअरच्या रेंजला आत १०० ओहमच्या आसपासचा रोध असतो. चिप झोपलेली असताना काही फरक नाही. ती जागी होऊन ५ मिलिअँपिअर घेते तेव्हा मीटरवरच अर्धा व्होल्ट पडतो आणि चिपला ३.३ ऐवजी २.८ मिळतात. एल४७६ ही १.७१ व्होल्टपर्यंत चालते, त्यामुळे ती तक्रार करणार नाही, पण पेपरमधलं ‘३.३ व्होल्टला मोजलं’ हे वाक्य तेवढ्या क्षणापुरतं खरं राहत नाही. शिवाय ०.१ सेकंदाची उसळी साध्या मीटरच्या आकड्यात नीट दिसतही नाही. त्यासाठी पॉवर प्रोफाइलर लागतो; एसटीचाच एक्स-न्यूक्लिओ-एलपीएम०१ए आहे, नॉर्डिकचा पीपीके२ आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये नसेल तर एक अचूक लहान रोध आणि ऑसिलोस्कोप, एवढ्यावरही बरंच काम होतं.

पूर्ण नोड मोजायचा असेल तर चौथा रस्ता घ्या, थेट ३.३ व्होल्ट. एसटी-लिंकचा भाग कापून टाका, किंवा एसबी२ आणि एसबी१२ हे दोन सोल्डर ब्रिज उघडा. एसबी२ बोर्डाचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर बाजूला करतो, एसबी१२ एसटी-लिंककडची रीसेटची तार तोडतो. मग बॅटरीच्या तारेतच मीटर लावला की सेन्सरसकट सगळं त्यातून जातं. या अवस्थेत प्रोग्रॅम चढवता येत नाही, डीबगही नाही, त्यामुळे कोड आधीच चढवून ठेवा. मॅन्युअलमध्ये हे वीजपुरवठ्याच्या प्रकरणात आहे, जेपी६ च्या ओळींत त्याचा उल्लेखही नाही. दोन्ही पानं एकदम उघडी ठेवून वाचा, शेजारी बोर्डाचं सर्किट ठेवा, आणि पेन्सिलने बॅटरीपासून चिपपर्यंतची रेघ स्वतः ओढा.