जादूगाराचा प्रामाणिकपणा

मराठी नियतकालिकांत नाटकांची परीक्षणे येतात, गायनाच्या मैफिलींवर लिहिले जाते, क्वचित सर्कशीलाही चार ओळी मिळतात. जादूच्या प्रयोगाचे परीक्षण मात्र सहसा कोणाच्या वाचनात येत नाही. ‘कसे केले कोण जाणे!’ या उद्गारापाशी आपली रसिकता थांबते. परंतु जो माणूस आयुष्यभर रंगमंचावर उभा राहून प्रपंच चालवितो, त्याच्यापाशी केवळ युक्त्यांचे गाठोडे असेल काय, हा प्रश्न विचारावयास हवा.

खरे म्हणजे युक्ती हा या व्यवसायातील सर्वांत स्वस्त भाग. रिकाम्या नळकांड्यातून रुमाल काढण्याचे साहित्य विकत मिळते आणि त्याची कृती पुस्तकांतही छापलेली असते. विकत मिळत नाहीत त्या तीन गोष्टी : सराव, बोलणे आणि खेळांचा क्रम. एक हात गुपचूप काम करीत असता प्रेक्षकांनी दुसऱ्या हाताकडे पाहावे, हे जादूगाराच्या नजरेवर अवलंबून असते. तो स्वतः जिकडे पाहतो, तिकडे सारे सभागृह पाहते. त्याने प्रश्न विचारला की प्रेक्षक उत्तर शोधू लागतो आणि तेवढ्या क्षणात काम उरकते. आरंभी झटपट होणारे खेळ, मध्ये एखाद्या मुलाला मंचावर बोलावून केलेला विनोद आणि अखेरीस पेटी व करवत, हा क्रमही विचारपूर्वक बांधलेला असतो. १९६४ साली स्थापन झालेल्या ओझरच्या विमान कारखान्यात ज्यांच्या घरची माणसे राबली, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. आकाशात झेपावणारे विमान सर्वांना दिसते. त्यामागचे मोजमाप कारखान्याच्या भिंतीआड राहते.

महाराष्ट्रात या कलेला घराघरांत ओळख मिळवून देणारे नाव म्हणजे जादूगार रघुवीर. रघुवीर भोपळे यांचा जन्म १९२४ साली चाकणजवळच्या आंबेठाण या खेड्यातला. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात ते वाढले. वडिलोपार्जित रंगमंच नसलेल्या या मुलाने पुढे देशोदेशी प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तकही लिहिले. मला त्या पुस्तकाचे असणेच महत्त्वाचे वाटते. हातातले लपविणे हा ज्याचा धंदा, त्याने पाहिलेले जग मात्र वाचकांपुढे उघडे करून ठेवले! १९८४ साली त्यांचे निधन झाले; पुत्र विजय आणि नंतर नातू जितेंद्र यांनी प्रयोग पुढे चालविले. भोपळे हे आडनाव मागे पडले आणि ‘रघुवीर’ हे पाळण्यातले नावच घराण्याचे नाव झाले. पेट्या झिजतात, रुमाल विरतात. वारसाहक्काने उतरते ती लोकांनी त्या नावावर ठेवलेली पत.

बंगालच्या पी. सी. सरकार यांची वाट अधिक झगमगीत होती. राजेशाही पोशाख, भव्य पडदे आणि प्रसिद्धीची अचूक जाण ही त्यांची वैशिष्ट्ये. १९५६ साली बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर त्यांनी एका तरुणीला करवतीने कापण्याचा खेळ केला. ती उठून बसण्यापूर्वीच कार्यक्रमाची वेळ संपली, आणि घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींचा पाऊस पडला. यात योगायोग किती आणि योजना किती, याची चर्चा अजूनही होते. सरकारांचे नाव मात्र एका रात्रीत लंडनभर झाले. १९७१ साली जपानमध्ये दौऱ्यावर असतानाच त्यांना मृत्यूने गाठले आणि पुत्राने ती धुरा उचलली.

या तेजाची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. सरकारांनंतर गावोगावच्या जादूगारांनी त्यांचा फेटा आणि अंगरखा उचलला, जाहिरातीत ‘जगप्रसिद्ध’ हा शब्द घातला. अभ्यास मात्र उचलला नाही. शिवाय करवतीखाली निजलेल्या त्या तरुणीचे नाव दीप्ती डे होते, हे किती जणांना ठाऊक आहे? पेटीत अंग चोरून, श्वास आवरून अर्धा खेळ तोलून धरणारी व्यक्ती जाहिरातीत निनावी राहते. जादूच्या रंगमंचावरील हा अन्याय कोणा समीक्षकाने मांडला नाही, कारण समीक्षकच तेथे फिरकला नाही.

आपल्या परंपरेत या कलेचा एक थोर साक्षीदार आहे. संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) लहानपणी जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बारकाईने न्याहाळीत, घरी सराव करीत आणि गावकऱ्यांना ते दाखवीत. खेळाचे मोल म्हणून सर्वांना रोझरी म्हणावी लागे. पुढे किएरी येथे विद्यार्थी असता, हा मुलगा काळी विद्या तर करीत नाही ना, असा संशय आला आणि एका वरिष्ठ धर्मगुरूंनी त्याला बोलावून घेतले. बोलता बोलता त्या धर्मगुरूंचे घड्याळ आणि पैशाची थैली गायब झाली! मग बॉस्कोने दोन्ही वस्तू परत केल्या आणि आपण त्या कशा लांबविल्या, तेही सांगून टाकले. धर्मगुरू हसले, संशय मिटला.

या प्रसंगात साऱ्या कलेची कसोटी आहे. ‘मी तुम्हांला फसविणार आहे’ असे जादूगार तिकिटाच्या खिडकीपाशीच कबूल करतो. तीच हातचलाखी करून मुठीतून अंगारा काढणारा बाबा ही कबुली देत नाही. तो आजारी लेकराच्या आईची पुंजी घेऊन जातो. अशा फसवणुकीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. बाबांचे चमत्कार उघडे पाडण्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तेच प्रयोग मंचावर करून दाखवितात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. हात तेच, साहित्य तेच. भेद फक्त त्या एका कबुलीचा.

म्हणून एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी पत्त्यांची चलाखी शिकू लागली, तर पालकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. सरावाला वेळ द्यावा, बोलणे सुधारावे, सोबत्याचे नाव जाहिरातीत आवर्जून छापावे, आणि प्रेक्षकाने भाबडेपणाने ‘ही दैवी शक्ती का?’ असे विचारले तर ‘नाही, ही हातचलाखी’ असे स्पष्ट उत्तर देण्याची सवय लावावी. शाळेच्या पुढच्या स्नेहसंमेलनात जादूचा प्रयोग असेल, तर वाचकांनी तो नाटकासारखा पाहावा आणि घरी परतताना त्यावर दोन शब्द बोलावेत. या कलेची समीक्षा तेथूनही सुरू होऊ शकेल.